कणकेचा ताण

अहवाल आला तेव्हा आखाजी आठ दिवसांवर होती
आणि माझ्या वहीत एकशेचाळीस मांड्यांची नोंद.
जळगावच्या लॅबमधल्या पोरानं
मनस्वीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून
नेलं होतं काहीतरी, इतकंसं,
की मी विचारलं, एवढ्यात मावतं का सगळं?
तो म्हणाला, मावशी, याहून कमीही पुरतं.

कागदावर होतं: डीक्यू टू, आढळले.
मला तो गाडीचा नंबर वाटला.

झोपे डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हे असणं म्हणजे आजार असणं नव्हे, ताई.
शंभरातल्या तिसेक जणांत सापडतं हे,
बहुतेकांना जन्मभर काही होत नाही.
नसतं, तर हा आजार नाही म्हणून मोकळे झालो असतो.
आहे, म्हणजे दाराला कडी नाही, एवढंच.
आत कुणी शिरलंय का, ते अजून बघायचंय."

आणि बघता येत नव्हतं, ते माझ्यामुळे.
शेजारच्या कुसुमताईंनी सांगितलं
आणि मी चार महिने तिचा गहू तोडला.
दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, भगर.
पोटाचा नगारा उतरला,
नवव्या वर्षी पहिल्यांदा फ्रॉक आखूड झाला,
आणि रक्तातली खूण पुसट झाली.
खूण परत उमटायला हवी
तर सहा आठवडे रोज गहू द्या, म्हणाले.
मग दुर्बीण. मग आतड्याचा तुकडा.

मी एकवीस वर्षं मांडे करते.
कणीक सैल भिजवायची, आपटायची, निवू द्यायची,
पुरणाचा गोळा भरून दोन्ही हातांवर झेलत झेलत
कोपरापर्यंत न्यायचा.
तो फाटत नाही. पातळ होत जातो,
खालची शीर दिसू लागते,
मग उलट्या खापरावर सोडून द्यायचा.
अमळनेरात हा ताण दोघींच्याच हाताला आहे, म्हणतात लोक.
दुसरी आता डोळ्यांनी अधू झाली.
डॉक्टर म्हणाले, या ताणाचंच नाव ग्लूटेन.
पोरीच्या आतड्यातली लव
त्यानंच झडत असेल, कदाचित.
कदाचित, हा शब्द त्यांनी चारदा वापरला.
मी मोजला.

सासूबाईंचा एकच प्रश्न:
"कोनाकडथीन उनं हाई? तुनाकडलं का आमनाकडलं?"
मी म्हटलं, कुणाकडूनही येतं, दोघांकडूनही येतं.
त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही,
की डॉक्टरांनी मग माझी पापणी खाली ओढून पाहिली.
हिमोग्लोबिन किती? आठ.
नेहमीच? हो, गोळ्या घेऊनही.
मनगट कधी मोडलं? पस्तिसाव्या वर्षी, उंबऱ्यावर अडखळून.
दिवस राहून गेले का कधी?
दोनदा, म्हटलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग दुसऱ्या कागदावर माझं नाव लिहिलं.

तो कागद हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात आहे.
पैसे आखाजीनंतर येतील.
आणि आलेच, आणि तेच निघालं,
तर एकशेचाळीस मांडे कोण करणार?

सोमवारी मी मनस्वीला चतकोर मांडा दिला, तूप घालून.
तिनं आधी हात मागे घेतला.
"आई, आता चालतं?"
डॉक्टरांनी सांगितलंय, म्हटलं.
मग तिनं बोटं चाटली, ताटलीही चाटली.
कुणी इतक्या आनंदानं खाताना
मी कधी इतकी घाबरले नव्हते.

खापर तापलं की नाही, हे मला
तळहात वर धरूनच कळतं.
रात्री तिच्या पोटावर हात ठेवून बसले.
काही कळेना.
वहीच्या मागच्या पानावर एक रेघ मारली.
बेचाळीस मारायच्या आहेत.