डावी कूस

रात्री दोनला उजवीकडून डावीकडे.
तक्त्यावर खूण करते. पेन दोऱ्यानं बांधलंय,
नाहीतर सकाळी कुणाच्या तरी खिशातून गावाला जातं.

देवाजी दोनाडकर, वय एकसष्ट, कॉट नंबर सात.
उजवं अंग लकव्यानं नेलं, बोलणंही त्याच वाटेनं.
वडश्याच्या एका नाटक मंडळात
पंचवीस हंगाम हे प्रॉम्प्टर होते.
विंगेत, पत्र्याच्या पेटीवर बसून, गुडघ्यावर वही,
रात्रभर राजाचं राजाला, खलनायकाचं खलनायकाला
हळूच पुरवायचे.
गावोगावच्या लोकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही म्हणे.
म्हणजे पाहिला असेल, दिवसा, पानठेल्यावर.

आता एकच शब्द उरलाय: पुढं.
दुखतंय का? पुढं.
पेज देऊ? पुढं.
पार्बताबाईनं विचारलं, "मी कोन?"
तिच्याकडे नीट बघून, फार मायेनं: पुढं.
ती पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेली
आणि येताना बादली भरून घेऊन आली.

तिला शिकवते आहे.
हात धरून ओढायचं नाही, बाई, खांदा निखळतो;
खांद्याखाली तळवा घाला.
टाचेखाली हातमोजा, पाणी भरून गाठ मारलेला
(हवेची गादी जिल्ह्याला मागितली आहे, दोन पत्रं गेली).
माकडहाड रोज उजेडात बघायचं,
लाल दिसलं आणि बोटानं दाबूनही पांढरं पडलं नाही
तर मला उठवायचं. मी झोपलेली नसतेच.
पाणी असं पातळ नको, ठसका लागतो.
आंबील चालेल, चमच्याला धरून राहील इतकी.
ती म्हणते, "लेकराले बी असाच करत होतो मी."
लेकरू तेलंगणात, राईस मिलवर.

पार्टिशनच्या पलीकडे सोमारी मडावी,
चिंच झोडताना फांदीसकट खाली आली.
मांडीचं हाड. पायाला दोरी, दोरीला पिशवी,
पिशवीत विटा, किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणलेल्या.
तिला घड्याळ लागत नाही.
"सिस्टर, दोन वाजले, मास्तरले फिरवा."
कुठून कळतं? म्हणते, पाय सांगते.

चौथ्या आठवड्यात मी करून पाहिलं.
पेला समोर धरला आणि कानाशी, अगदी हळू, फक्त: "पा..."
त्यांनी डोळे मिटले. ओठ जुळले, सुटले.
मी लगेच दुसऱ्यांदा म्हणाले आणि लाज वाटली;
नट अडकला की किती थांबायचं
हे या माणसाला ठाऊक, मला नाही.
थांबले.
बाहेर ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर घोरत होता.
"पा..."
ते म्हणाले, "पडदा."

पार्टिशनपलीकडे सोमारी इतकी हसली
की विटांची पिशवी हलायला लागली.
"हसू नको गं, हाड सरकेल," मी ओरडले,
आणि इकडे देवाजींचं तोंडही हललं,
डावीकडचं, जेवढं त्यांच्या ताब्यात आहे तेवढं.
पाणी मात्र तसंच राहिलं पेल्यात.

तक्त्यावर शब्दासाठी रकाना नाही.
नाडी, बी.पी., लघवी, कूस.
मी कुशीच्या रकान्यात लिहिलं: पडदा.
सकाळी डॉक्टर विचारतील, हे काय.

चार वाजत आले.
पार्बताबाई, उठा. खांद्याखाली तळवा.
हं, आता माझ्याबरोबर,