भोजनगृह, रविवार

चोवीस खुर्च्या आहेत इथे, आणि एक माझी.
सकाळी दहाला त्या चोविसांवर मी ठेवतो
एकेक वाळलेलं काटेबोंड,
परसबागेतून सप्टेंबरात खुडलेलं.
पाटी लावली तर लोक वाचत नाहीत.
काटा मात्र सगळ्यांना वाचता येतो.

छातीवर बिल्ला : सिरिल, स्वयंसेवक.
एकतीस वर्षं लडलोची बस चालवली,
बसा, बसून घ्या म्हणत.
आता बसू नका म्हणतो, तेही बिनपगारी.

भुरभुर लागली की हरणांच्या कुरणातून
अख्खी कुटुंबं आत शिरतात :
बाबागाड्या, निथळते रेनकोट,
डब्यातल्या अंड्याच्या सँडविचचा वास.
आजोबा छताकडे बघतात, आज्या पडद्यांकडे,
आया पोरांच्या हातांकडे.
एवढी चांदी घासायची कुणी, हा प्रश्न
रविवारी साधारण अकरा वेळा.

आज दोनच्या सुमारास एक जण आला, सोबत दोन मुलं.
कौटुंबिक कार्ड अजून हातातच,
त्यावर दोन मोठ्यांची नावं.
"मार्चपर्यंत चालेल," तो म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.

धाकटा इवो दोरीला लोंबकळत :
"ह्या घरातली मुलं कुठे बसायची?"
इथे नाही रे. वर, तिसऱ्या मजल्यावर, दाईपाशी.
संध्याकाळी सहाला तोंडं धुऊन, भांग पाडून
खाली आणायचे त्यांना, वडिलांना दाखवायला.
वीस मिनिटं.
"आमचं जास्त असतं," इवो म्हणाला,
"एक रविवार आड. पाचपर्यंत."

बाप खिडकीशी गेला.
तिथून तो म्हातारा देवदार दिसतो,
खालच्या फांदीला लाकडी टेकू दिलेला.
एरवी लोक फोटो काढून वळतात.
हा वळेना.
पूर्वी आरशात कुणी धावत येताना दिसलं
की बस जरा थोपवून धरायचो,
तसा मी उगाच थांबून राहिलो,
पुढची माहिती तोंडपाठ असूनही.

थोरली नेस्टा, नऊ-दहाची असेल,
हात पाठीमागे बांधून बोंडाकडे बघत होती.
"हे कशाला?"
कुणी बसू नये म्हणून.
"मग जागा कुणाची ही?"
आता कुणाचीच नाही, असं येत होतं ओठांवर.
"राखून ठेवलीय," म्हणालो.
कुणासाठी, ते तिने विचारलं नाही.

नंतर दिसले ते खाली, झुडपांच्या भुलभुलैयात.
कुंपण जेमतेम कमरेएवढं,
कुठूनही बाहेरची वाट दिसते,
तरी बाप हरवल्यासारखं करत होता,
कपाळावर हात, ह्या वळणाला, त्या वळणाला,
आणि मुलं ओरडून ओरडून
त्याला चुकीची वाट सांगत होती.
पावणेपाच वाजले होते.
मी खिडकीच्या झडपा जरा उशिराच लावल्या.

मग मोजदाद.
सुरया, काटे, चमचे, मीठदाण्या : बरोबर.
बोंडं तेवीस.
पुन्हा मोजली. टेबलाखाली वाकून पाहिलं,
गुडघे कुरकुरले.
नियम असा की सुतळीचा तुकडा गेला तरी
नोंदवहीत चढवायचा, वेळेसकट.

मी लिहिलं : हवा ओली. पाहुणे एकशे बारा.
आणि चोविसाव्या खुर्चीवर
पाइनचं एक बोंड ठेवलं, खिशात होतं.

ह्या वेळी कुठल्याशा स्वयंपाकघरात
दिवा लागला असेल, टोस्ट जळला असेल,
कुणी तरी खुर्ची मागे ओढून
बसता बसता थबकलं असेल.

दोरी अडकवली. किल्ल्या दिल्या.
बस स्टॉपवर बाकडं रिकामं होतं,
मी हाताने चाचपून
मगच बसलो.