लाभ, दोन, तीन

महालात बाबांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती,
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
बाबा अजून बोटांवरून माणूस जोखतात.
जेवायला बसले की विचारतात,
"आज किती ओळी झाल्या?"
"अकरा खोडल्या," म्हणते मी.
ते वरणात लिंबू पिळत राहतात,
मग पगार कशाचा, हे न विचारता.

हेडाऊ काकू कूलरचा पंप घेऊन येतात,
"तू कम्प्युटरवाली ना, पाहून दे बरं."
मार्च लागला की हे ठरलेलं.
मामा लग्नाच्या पंगतीत सांगतात
की भाचीचं डोकं पहिल्यापासून गणिताचं.
बारावीला अडतीस होते, मामा.
पस्तिसाला पास.

मलाही वाटायचंच की,
परसोडीच्या त्या काचेच्या इमारतीत
सगळ्यांना सगळं पाठ असेल,
एकदा भाषा आली की सुटलो.
पहिले सहा महिने मी प्रश्न गिळले
आणि बाथरूममध्ये जाऊन फोनवर उत्तरं शोधली.
शेजारच्या टेबलावर गजभिये सर,
वीस वर्षं याच कामात,
उघड्यावर तेच शोधत होते.

मग कळमन्याचं काम आलं.
संत्र्याचे क्रेट मोजायचा प्रोग्राम,
दर ढिगामागे एक क्रेट कमी.
मी लगेच ओळखलं.
यंत्र शून्यापासून मोजतं, माणूस एकापासून,
त्या फटीत आमचं अर्धं आयुष्य जातं.
तीन दिवस ती फट शोधली.
नव्हती.

चौथ्या दिवशी स्कूटी काढली.
यार्डात उईके भाऊ माल उतरवत होते,
एक पोरगा टॅब धरून उभा,
आकडा ऐकला की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम.
"लाभ," म्हणाले उईके भाऊ, आणि क्रेट ठेवला.
पोराचं बोट हललं नाही.
"दोन. तीन. चार."
दाबलं, दाबलं, दाबलं.

"भाऊ, एक काऊन नाही म्हटलं?"
"पयल्याले एक म्हनत नाही बाई.
एक म्हटलं का मोजनं सुरू झालं,
मंग सरतेच ना ते."

मी उलट्या क्रेटवर बसले.
तीन ट्रक रिकामे होईस्तोवर ऐकलं,
लॅपटॉप पिशवीतच.
कोणी फोटो काढला असता
तर कामचुकार दिसले असते.

"आमचा पोट्टा शिकतो म्हनते हे," उईके भाऊ म्हणाले,
"पन लय गनित लागते म्हनते. लागते का?"
मी अडतीस सांगितले.
ते पाहतच राहिले,
बाई थट्टा करून राहिली की काय.

निघताना स्कूटीची डिक्की उघडायला लावली
आणि गमछ्यातून एकेक संत्रं टाकलं त्यांनी आत,
"लाभ.
दोन."