घड्याळाचा सेल

जिल्ह्याच्या गावापासून एकशे चाळीस किलोमीटर.
त्यात रस्ता म्हणावा असा तीसच,
बाकी टायरांच्या खुणा, ज्याची त्याने निवडायची.
गोबी-अल्ताईच्या या टोकाच्या कचेरीत
देल्गेरमाबाईंचा संगणक
तीन आठवडे एकच अपडेट गिळतो आणि ओकतो.

फोनवर सगळं सांगून झालं होतं.
बंद करा, चालू करा.
जागा मोकळी करा.
अँटिव्हायरसला तासभर झोपवा.
बाईंनी सगळं केलं, वहीत उतरवून,
प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करून,
आणि पहिले पाढे पंचावन्न:
निळी पट्टी अर्ध्यावर येते, थबकते,
मग म्हणते, काहीतरी चुकलं.
काय चुकलं ते सांगत नाही.
साहेब लोकांची जुनी सवय.

डिसेंबर संपत आलाय.
सोमातल्या सगळ्या जनावरांची मोजणी
नव्या तक्त्यात भरून पाठवायची,
आणि तो तक्ता जुन्या ऑफिसमध्ये उघडत नाही.
तीन मोजणीदार बाकावर बसून आहेत, टोप्या मांडीवर.
कुणाच्या तरी कोटाला उंटाचा वास.

घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला मी आलोय.
इथलं घोडं पेंड खात नाही म्हणा,
खुराने बर्फ उकरतं आणि खाली जे असेल ते चघळतं.
मीही तसाच.
नोंदी उकरल्या, एकामागून एक आकडे,
शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सात...
तात्पुरत्या फायली पुसल्या.
सेवा थांबवली, पुन्हा सुरू केली.
खारट चहाचे दोन वाडगे झाले.
शेगडीत बाईंनी आणखी एक गोवरी सारली.

मग पडद्याच्या कोपऱ्यात लक्ष गेलं.
तिथे, इतकी बारीक की कुणी वाचत नाही,
तारीख होती:
एक जानेवारी, दोन हजार दहा.

रात्री वीज वाचवायला कचेरीचा खटका पडतो.
आतला सेल केव्हाच मेलेला, कोटाच्या बटणाएवढा.
रोज सकाळी हे यंत्र
त्याच एका दिवशी जागं होतं,
आणि दूरच्या सर्व्हरची सही त्याला
अजून जन्मायची असते.
ज्याचा जन्मच झाला नाही
त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार?
यंत्राचं काही चुकत नव्हतं.

"कधीपासून दाखवतंय हे?"
"सप्टेंबरपासून."
"बोलला नाहीत?"
बाईंनी कपाटातून एक फाईल काढली.
"त्या जानेवारीतही इथे मीच होते," म्हणाल्या.
"तेव्हा जिवंत मोजायचे नव्हते."

बाकावरचा म्हातारा न्यामसुरेन
टोपीचं अस्तर चाचपत राहिला.
फाईलमध्ये त्याचं नाव होतं, नवव्या ओळीत:
मेंढ्या चारशे बारा.
त्यापुढे पेनाने खोडून: सतरा.
त्या हिवाळ्यात बर्फावर बर्फाचं कवच चढलं होतं,
खुरांना फुटलं नाही.
मी तेव्हा शहरात शिकत होतो.
बातम्यांत पाहिलं होतं, जेवताना.

नवा सेल माझ्या हातमोज्यात होता, ऊब राहावी म्हणून.
झाकण उघडलं. धुळीत एक मेलेली माशी.
जुना सेल निघाला, नवा बसला,
तारीख घातली, साल घातलं,
मिनिटंसुद्धा म्हाताऱ्याच्या मोबाईलवरून.
पट्टी अर्ध्यावर आली.
कुणी खोकलंही नाही.
पट्टी पुढे गेली.

नव्या ऑफिसने बाईंची जुनी यादी उघडली
आणि अदबीने विचारलं:
ही फाईल जुन्या आवृत्तीतली आहे, नव्यात बदलायची का?
बाई म्हणाल्या, "नको."
मग पहिल्या मोजणीदाराला, "हं, बोल. घोडी किती?"

जुना सेल त्यांनी मागून घेतला,
टाचण्यांच्या डबीत टाकला.
मी पावती लिहायला बसलो.
तारखेपाशी पेन थांबलं.
खिडकीबाहेर पाहिलं.
बर्फ फार नव्हतं.
बोटांनी उकरता येईल, इतकंच.