चार सेकंद

अकरा रात्री परवडल्या आम्हाला,
लोणच्याच्या कारखान्यामागच्या त्या स्टुडिओत,
भिंतींना अंड्यांचे ट्रे,
आणि गिटारच्या तारांनाही व्हिनेगरचा वास.
मिशिगनचा फेब्रुवारी. सरोवर काठापासून मैलभर गोठलेलं.

बँडचं नाव थ्रेशिंग फ्लोअर. म्हणजे खळं.
वारा सुटला की भूस उडतं, दाणा राहतो,
असं आर्लनने आजोबांना समजावलं.
चर्चचे वडील ते, शेवटपर्यंत ऐकून घेतलं,
मग म्हणाले, खळ्यावर एवढा गोंगाट नसतो रे.

लॉयलने ट्रक विकला होता.
मी उन्हाळाभर कोंबड्यांच्या शेड धुतल्या.
ड्रमच्या पेडलला हॉकीची चिकटपट्टी.
लग्नांतले पोल्के रेकॉर्ड करणारा स्टॅन विटकोव्स्की
काचेपलीकडून विचारायचा,
पोरांनो, तुमचा देव बहिरा आहे का?

नवव्या रात्री, पाचव्या गाण्याआधी,
नेहमीसारखे गोल उभे राहिलो,
एकमेकांच्या घामेजल्या पाठींवर हात.
टेप चालू राहिली होती.
आर्लनने आवाज मागितला, लॉयलने नम्रता,
मी काय मागितलं आठवत नाही.
मग कर्टिस. बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला,
तू नाहीयेस, असं वाटतंय मला.
सफरचंदं उतरवली तेव्हापासून.

आमेन कोणी म्हणायचं, कळेना.
कोपऱ्यातला हीटर घरघरू लागला.
कर्टिसने हेडफोन चढवले, म्हणाला, घ्या.

आणि तो ओरडला.
आधी महिनाभर गॅरेजमध्ये ओरडत होता,
मिठाच्या गुळण्या करून, मोजूनमापून.
हे तसलं नव्हतं.
स्टॅनने सुया लाल पट्ट्यात जाऊ दिल्या,
हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

नंतर त्याने पात्याने प्रार्थना कापली,
टोकं जोडताना विचारलं, मध्ये किती जागा सोडू?
कोणीच बोललं नाही.
चार सेकंद त्याच्या मनाने सोडले.

हजार प्रती. धार्मिक पुस्तकांच्या दुकानाला
सूप पाखडणारा सांगाडा चालेना,
रेकॉर्डवाल्याने नेऊन ठेवलं सरळ नाताळच्या गाण्यांत.
चारशे तीस अजून माझ्याकडे आहेत,
बर्फ ढकलायच्या फाळाच्या सुट्या भागांशेजारी.

तीन वर्षांपूर्वी पत्र आलं, ब्राझीलहून,
कुरितिबाचा कोणी वेल्डर, एदेनिल्सन.
तुमच्या पाचव्या गाण्यातल्या किंकाळीत
मला देव भेटला. गाणाऱ्याला कळवा.

कर्टिस पुराचा विमा विकतो.
चर्चमध्ये फक्त कोणी गेलं तरच.
माझ्या आईच्या वेळी आला होता,
माझ्यामागे उभा राहून सगळी स्तोत्रं म्हणाला,
एकदाही पुस्तक न उघडता.
पत्र तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होतं.
घरीही आणलं तसंच.

कधी पहाटे फाळ घेऊन निघण्याआधी
ती रेकॉर्ड लावतो, चौथं गाणं संपतं.
चार सेकंद.
नीट कान दिला तर हीटर ऐकू येतो.
कोणीतरी श्वास घेतोय, तोही.
आर्लन म्हणतो, लॉयलचा.
मला नाही वाटत.