अकरा पूर्णांक आठ

दिघंचीच्या अलीकडं, ओढ्याच्या फरशीवर
काट्यांच्या खाली एक तांबडी बॅटरी पेटली,
आणि दस्तगीरनं बॉनेटात मान घालून सांगितलं,
"अल्टरनेटर गेला, साहेब. गाडी आता
साठवणीवर जगतीया."

या मॉडेलचा नवा मिळत नाही.
जुना, भरलेला, सांगलीहून येईल एसटीच्या पार्सलनं.
आज. आज नाही तर उद्या नक्की.

तोवर मी हिशेबाला बसलो.
त्यानं डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं एक मीटर लावून दिला:
बारा पूर्णांक सहा म्हणजे सकाळ.
बारा दोन, म्हणजे झऱ्याचं काम उरकून मागं फिरा.
अकरा आठ झाले
की जिथं असाल तिथं, एखादं घर बघून थांबा.

पंखा बंद. रेडिओ बंद.
हॉर्न नाही; शेळ्या आडव्या आल्या
की खिडकीतून हात काढून दार बडवतो.
आधी शेळ्या बघतात, मग शेळ्यांचा मालक.
वायपर नाही, पण आटपाडीत त्याची कुणाला पडलीय.
ब्रेकसुद्धा जपून, मागचा दिवा खातो म्हणून.
गाडी लावायची ती उताराला, तोंड खाली करून,
ढकलायला माणूस मिळेलच असं नाही.

रात्री बॅटरी उपसून घरात नेतो.
दहाचा पाना. आधी काळी वायर, मग तांबडी.
विजयमाला फ्रिजशेजारी तिला पाट मांडते, खिडकी उघडी ठेवते,
म्हणते, "पाहुणे जेवणार का नुसतंच बसणार?"
चार्जर गुणगुणत राहतो.
बाराला लाईट जाते, गुणगुण थांबते,
आणि मला जाग येते.

सहाव्या रात्री म्हाळू पुकळ्याचा फोन.
"डॉक्टर, गाय अडलीया. एक पाय भाईर, दुसरा घावंना."
मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे,
हे वीस वर्षांत कुणी मानलेलं नाही,
अडलेल्या गाईनं तर नाहीच.
"माझ्या गाडीला दिवा नाही, म्हाळबा."
"माझ्याकडं बॅटरी हाय की."
"बॅटरी मलाबी हाय रे, पण..."
त्यानं फोन ठेवला होता.

आला तो मोटरसायकलवर,
मागं त्याची लेक, उलटी बसलेली, तोंड माझ्याकडं,
दोन्ही हातांत टॉर्च, उजेड माझ्या चाकांपुढं.
अकरा किलोमीटर.
खड्डा आला की आधी उजेड उडायचा,
मग मी.
मधे कुठंतरी तिनं एक हात सोडून नाक पुसलं,
तेवढाच रस्ता चुकला.

कालवड झाली पावणेतीनला.
वार पडायची वाट बघत गोठ्यात बसलो,
शेळीच्या दुधाचा चहा, बशीत.
पोरगी टॉर्च चालू करी, बंद करी, परत चालू करी.
म्हाळू ओरडला, "सेल जातील, जा, झोप."
ती म्हणाली, "मग डॉक्टर जाणार कसं?"
आणि बंद करून मांडीखाली ठेवला तिनं.
त्या घरात आणखी एक जण
मोजून खर्च करत होतं.

गेलोच नाही. उजाडेस्तोवर बसलो.
वार पडली. मग गाडी उताराला सोडली
तेव्हा मीटर बारा दोन.

नवव्या दिवशी पार्सल आलं, गोणपाटात शिवलेलं,
वर माझं नाव, आडनाव दुसऱ्याचं.
दस्तगीरनं सुतळी दातानं तोडली.
फिरवून बघितला, फुंकर मारली, पट्टा टेकवला,
पुलीवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"ह्यो डिझेल गाडीचा हाय, साहेब."

पोरानं चहा आणला. तो आम्ही प्यालो.
"आजच परत धाडतो. आज नाही तर..."
"उद्या," मी म्हणालो.

दहाचा पाना खिशात आहे.
मीटर बारा चार.
म्हणजे गोमेवाडी होईल,
आणि उतार मिळाला तर निंबवडंसुद्धा.