मधली सुट्टी

आमच्या शाळेत घंटा आहे,
पण गोणपाटात गुंडाळलेली.
वरून काथ्याची दोरी, सात गाठी.
तपासणीला आलेले साहेब विचारतात, हे काय?
मी म्हणते, सर्दी झालीय तिला.
ते हसत नाहीत. वहीत काहीतरी लिहितात.

निशाद माजिक दुसरीत नाव घालून आला
आणि पहिल्याच घंटेला टेबलाखाली गेला.
कानांवर तळवे,
कोपरं चिऱ्याच्या भिंतीला घासून सोललेली.
आई त्याची काजूच्या बागेतून धावत आली,
हाताला चीक तसाच.
एका वाक्यात निदान सांगितलं तिनं:
"बाय, ताका आवाज चाबता."

बांबोळीच्या इस्पितळानं नंतर चार पानं लिहिली.
शेवटी आकडा: पंचेचाळीस टक्के.
तो मी रकान्यात भरला, आणि बराच वेळ
उरलेले पंचावन्न कुठे लिहायचे
ते शोधत बसले.

शुक्रवारी सुलक्षाबाई येतात, कदंबाच्या बसनं,
नऊ शाळांना मिळून एक पिशवी.
त्या म्हणाल्या, घंटा दिसेल अशी करा.
मग तुळशीनं, आमच्या मदतनीस बाईनं,
काठीला लाल फडकं बांधलं.
लाल वर गेलं की सुट्टी. निळं, की आत या.
पोदेर इनास शाळेच्या वळणावर
सायकलवरून उतरून चालत जातो,
भोंग्याला हात न लावता.
पाव तेवढेच खपतात, म्हणतो.

मला अभिमान वाटला.
तो दीड आठवडा टिकला.

पहिलीतली रोशनबी
कागद नाकाला लावून वाचते.
जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर
तिच्यासाठी वीतभर अक्षरं काढणारी मीच.
आणि फडकं तिला दिसणार कसं,
हे मला सुचलं नाही.
सगळे पाव-भाजीला गेले.
ती वर्गात एकटी, 'ळ' गिरवत,
आज मुलं किती शहाण्यासारखी गप्प आहेत
असं वाटून खूश.
भाजी गार झाल्यावर सापडली मला.

त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले,
भलत्याच कारणावरून.

दुसऱ्या दिवशी लाल वर गेलं,
मी तिच्याकडे निघाले,
तर निशाद माझ्या आधी.
तो कुणाला हात लावत नाही,
कुणी लावलेला त्याला सोसत नाही.
नुसता उभा राहिला.
मग तिच्या बोटांतून पेन्सिल उपटली
आणि चालू लागला.
ती किंचाळत मागे,
थेट भाजीच्या टोपापर्यंत.

मी रागावणारच होते.
सॉरी म्हण, परत दे, वगैरे.
तुळशी डाव हातात धरून म्हणाली,
बाई, जरा थांबा.

तीन वर्षं, रोज.
कधी पेन्सिल भाजीत पडली, कधी विहिरीत.
हिशेब अजून जुळत नाही.

यंदा जूनपासून निशाद वाळपईच्या हायस्कुलात.
तिथली घंटा विजेवर चालते.
मी दीड पानाचं पत्र दिलं होतं,
पाकीट मुद्दाम उघडंच ठेवून,
कुणीही वाचावं म्हणून.
वाचलं का, ठाऊक नाही.
इनासला तो बसथांब्यावर दिसला,
कानांवर लोकरीची टोपी ओढून, भर उन्हात.
टोपी बरी होती, एवढंच सांगतो इनास.

गोणपाट मी सोडलेलं नाही.
रोशनबी चौथीत. तिला आता मीच सांगते,
जवळ जाऊन, नाव घेऊन.
तरी भाजीचा वास वर्गात शिरला
की तिची मूठ
पेन्सिलीभोवती थोडी सैल होते,
कुणीतरी ओढेल
एवढी.